बर्फातल्या घाटासाठी स्नो चेन कशी निवडावी

स्नो चेन म्हणजे बर्फाच्या रस्त्यावर पकड मिळावी म्हणून मोटारीच्या टायरवर तात्पुरती चढवायची पोलादी साखळी. फ्रान्स, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि इटली या देशांतल्या आल्प्समधील स्कीइंगच्या गावांकडे हिवाळ्यात असंख्य कुटुंबे स्वतःच्या किंवा भाड्याच्या गाडीने जातात. त्यांच्या डिकीत स्कीच्या जोडीने ही साखळी असावी लागते. कुठे कायदा म्हणून, कुठे शहाणपण म्हणून. दुकानात मात्र तिचे अनेक प्रकार मांडलेले असतात, किमतींत काही पटींचा फरक असतो आणि पेटीवरची आकड्यांची यादी पाहून नवखा माणूस गोंधळतो. निवडीचा क्रम ठरलेला असेल तर हा गोंधळ राहत नाही. आधी रस्ता आणि तिथला कायदा पाहावा, मग गाडीचे मॅन्युअल, मग टायरवरचा आकडा आणि सर्वांत शेवटी साखळीचा प्रकार व किंमत. पुष्कळ जण सुरुवातच किमतीपासून करतात आणि गाडीला न बसणारी साखळी घेऊन घाटाच्या पायथ्याशी पोहोचतात.

साखळी कशासाठी

फ्रान्सच्या साव्हुआ भागातले व्हाल तोराँस हे गाव सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. युरोपातले सर्वांत उंचावरचे स्कीइंगचे गाव म्हणून त्याची ओळख आहे. तिथे जाणारा रस्ता मुतिए या खोऱ्यातल्या गावातून निघतो. मुतिएची उंची ५०० मीटरच्या आतबाहेर. म्हणजे सुमारे ३५ किलोमीटरच्या वळणावळणाच्या घाटात गाडी १,८०० मीटर वर चढते. हवेचे तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे मुतिएला ५ अंश सेल्सिअस तापमानात पाऊस पडत असेल, तर व्हाल तोराँसला त्याच वेळी उणे ६ ते ७ अंशांत बर्फ पडत असतो. खाली ओला डांबरी रस्ता पाहून निर्धास्त झालेला चालक तासाभरात बर्फाच्या थरावर येतो.

या थरावर टायरची पकड किती कमी होते, ते घर्षणाच्या आकड्यांवरून कळते. कोरड्या डांबरावर टायरचा घर्षण गुणांक ०.८ च्या जवळपास असतो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२ च्या आसपास येतो आणि गुळगुळीत गोठलेल्या रस्त्यावर ०.१ पर्यंत घसरतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर साधारण १२ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला सुमारे ५० मीटर लागतात आणि गोठलेल्या रस्त्यावर जवळजवळ १०० मीटर. हे अंतर सपाट रस्त्यावरचे आहे; उतारावर ते आणखी वाढते. तापमान शून्याच्या जवळ असताना बर्फ सर्वांत निसरडा असतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असतो. म्हणून कडाक्याच्या थंडीपेक्षा दुपारी वितळून संध्याकाळी पुन्हा गोठणारा रस्ता अधिक धोक्याचा ठरतो.

पकड मिळवून देण्याचे काम साखळी अगदी साध्या रीतीने करते. गाडीचे वजन रबराच्या रुंद पट्ट्याऐवजी पोलादी कड्यांच्या अरुंद कडांवर येते. दाब वाढतो आणि कड्या बर्फात रुततात. चाक फिरताना या रुतलेल्या कड्या बर्फाच्या थराला धरून गाडी पुढे ढकलतात आणि ब्रेक लावल्यावर तिला अडवतात. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातील हॅरी वीड यांना २३ ऑगस्ट १९०४ रोजी टायरवर चढवायच्या साखळीचे पेटंट मिळाले. आजच्या साखळ्या हलक्या आणि बसवायला सोप्या झाल्या आहेत, पण मूळ तत्त्व बदललेले नाही.

साखळीअभावी काय होते, हे साव्हुआनेच पाहिले आहे. २७ डिसेंबर २०१४ हा नाताळच्या सुट्टीतला शनिवार होता. फ्रान्समध्ये स्कीच्या गावांतली घरे बहुधा शनिवार ते शनिवार भाड्याने दिली जातात, त्यामुळे एकाच दिवशी जाणारे आणि येणारे दोन्ही लोंढे रस्त्यावर असतात. त्या दिवशी जोरदार हिमवृष्टी झाली आणि सुमारे १५ हजार मोटारी अडकल्या. प्रशासनाला तातडीची निवारा केंद्रे उघडावी लागली. अरुंद घाटात एक गाडी आडवी झाली की तिच्यामागच्या सगळ्या थांबतात, त्यांत बर्फ हटवणारे यंत्र आणि रुग्णवाहिकाही आल्या. साखळी ही एकट्या चालकाच्या सोयीची वस्तू नाही, हे यावरून ध्यानात येते.

कायदा काय सांगतो

आल्प्समधल्या देशांचे नियम एकसारखे नाहीत. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमानुसार दरवर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात डोंगराळ भागातल्या ठरवून दिलेल्या गावांमध्ये चारही चाकांना हिवाळी टायर असावे लागतात. नसतील तर इंजिनाची ताकद मिळणाऱ्या निदान दोन चाकांना पुरतील अशा साखळ्या किंवा टायरवर चढवायचे कापडी मोजे गाडीत असावे लागतात. आल्प्सबरोबरच पिरेनीज, जुरा, वोज, मासिफ सेंट्राल आणि कॉर्सिका हे प्रदेशही या नियमाखाली येतात. याखेरीज निळ्या गोल पाटीवर साखळी चढवलेल्या चाकाचे चित्र दिसले, की तिथून पुढे साखळी प्रत्यक्ष चढवणे सक्तीचे होते. हिवाळी टायर चालतील असे पाटीखाली लिहिलेले असेल तरच त्यातून सूट मिळते.

ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्ता हिवाळी स्थितीत असेल तर चारही चाकांना हिवाळी टायर हवेत. त्याऐवजी साखळी चालते, पण रस्ता पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बर्फाने झाकलेला असेल तेव्हाच. अर्धवट मोकळ्या रस्त्यावर साखळी चढवता येत नाही आणि उन्हाळी टायरवर जाताही येत नाही, त्यामुळे साध्या टायरांच्या गाडीला तिथे निव्वळ साखळीच्या भरवशावर जाणे शक्य नसते. जर्मनीतही हिवाळी स्थितीत हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि साखळी चढवलेल्या गाडीला ताशी ५० किलोमीटरची वेगमर्यादा आहे. इटलीत नेमून दिलेल्या रस्त्यांवर १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात हिवाळी टायर किंवा गाडीत साखळी, यांपैकी एक असावे लागते. स्वित्झर्लंडमध्ये सरसकट सक्ती नाही; मात्र साखळीची पाटी लागलेल्या रस्त्यावर ती चढवावीच लागते आणि अपुऱ्या टायरमुळे वाहतूक अडली किंवा अपघात झाला तर चालक जबाबदार धरला जातो.

एका प्रवासात दोन-तीन देश ओलांडायचे असतील, तर त्यांतल्या सर्वांत कडक नियमाप्रमाणे तयारी करावी. म्युनिकहून ऑस्ट्रियामार्गे इटलीत जाणाऱ्या गाडीला हिवाळी टायर आणि डिकीत साखळी असे दोन्ही असणे हा बिनधोक मार्ग आहे.

आधी टायर

साखळी हा टायरला पर्याय नाही. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागते आणि बर्फ नसलेल्या थंड, ओल्या रस्त्यावरही त्याची पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीत मऊ राहते आणि त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात. या चिरांमध्ये बर्फ अडकतो आणि बर्फावर बर्फाची पकड बसते. खऱ्या हिवाळी टायरच्या बाजूवर तीन सुळक्यांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असते. नुसती ‘एम + एस’ ही अक्षरे पुरेशी नाहीत. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये २०२४ च्या हिवाळ्यापासून केवळ त्या अक्षरांचा टायर हिवाळी मानला जात नाही.

प्रवासाचे बहुतेक अंतर मोकळ्या महामार्गावर जाते आणि तिथे साखळीचा काही उपयोग नसतो. ते अंतर टायरवरच कापायचे असते. साखळी शेवटच्या चढासाठी, ताज्या हिमवृष्टीसाठी आणि स्कीच्या गावातल्या आडरस्त्यांसाठी असते.

गाडीचे मॅन्युअल उघडावे

साखळी घेण्याआधी सर्वांत महत्त्वाचे वाचन दुकानाच्या माहितीपत्रकात नसून गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. टायर व चाके या प्रकरणात तीन गोष्टी शोधाव्यात. या गाडीला साखळी चालते का? चालत असेल तर कोणत्या मापाच्या टायरवर? आणि कोणत्या चाकांवर?

पहिले दोन प्रश्न मोकळ्या जागेचे आहेत. टायरच्या आतल्या बाजूला सस्पेन्शनचा खांब, ब्रेकची नळी आणि एबीएसच्या सेन्सरची तार असते. वरच्या बाजूला मडगार्डचे अस्तर असते. साखळीला या सगळ्यापासून अंतर राखावे लागते. पूर्वीच्या गाड्यांत ही जागा भरपूर असे. आताच्या गाड्यांना दिसायला चांगली म्हणून मोठी, रुंद चाके दिली जातात आणि टायर व सस्पेन्शन यांच्यात काही मिलिमीटरच उरतात. त्यामुळे एकाच मॉडेलला १७ इंची चाकांवर साखळी चालते आणि १९ इंची चाकांवर मनाई असते, असे सर्रास आढळते. मनाई असताना साखळी चढवली तर ब्रेकची नळी कापली जाण्याचा धोका असतो. अशा गाडीसाठी कापडी मोजे किंवा बाहेरून बसणारी साधने हाच मार्ग उरतो, आणि तोही मॅन्युअल परवानगी देत असेल तर. स्कीच्या प्रदेशात राहणारे अनेक जण हिवाळी टायर घेताना मुद्दाम कंपनीने मान्य केलेल्या लहान मापाची चाके घेतात, म्हणजे साखळीला जागा मिळते.

तिसरा प्रश्न चाकांचा. साखळी नेहमी इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांवर चढते. बहुतेक लहान व मध्यम गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह असतात, म्हणून साखळी पुढच्या चाकांवर. रिअर व्हील ड्राइव्ह गाडीला ती मागच्या चाकांवर लागते. इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये इथे चूक होण्याचा संभव जास्त, कारण बाहेरून दिसायला सारख्या असणाऱ्या गाड्यांत मोटर मागे असू शकते; उदाहरणार्थ, फोक्सवागनची आयडी.३ ही रिअर व्हील ड्राइव्ह आहे. काही गाड्यांचे पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळ्या रुंदीचे असतात, त्यामुळे कोणत्या चाकाचे माप घेऊन साखळी आणली हेही पाहावे लागते. फोर व्हील ड्राइव्ह गाडीसाठी कंपनी एक जोडी सुचवते, आणि ती पुढे घालायची की मागे, हे मॅन्युअलच सांगते. फोर बाय फोर असली की साखळी नको, हा समज चुकीचा आहे. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी चढ चढते, पण थांबताना तिला इतर गाड्यांइतकीच पकड मिळते आणि खरी कसोटी उतारावरच लागते.

टायरवरचा आकडा

टायरच्या बाजूवर २२५/४५ आर १७ असा मजकूर कोरलेला असतो. यातले २२५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. इथे ती सुमारे १०१ मिलिमीटर होते. १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांमध्ये. हे तिन्ही आकडे जसेच्या तसे साखळीच्या पेटीवरच्या यादीत असले पाहिजेत. एक साखळी जवळजवळच्या अनेक मापांना बसते, म्हणून यादी लांब असते. पण आपल्या मापाच्या शेजारचे माप आहे म्हणून साखळी घेऊ नये. सैल साखळी वेगात मडगार्डवर आपटते आणि लहान साखळी बंदच होत नाही.

आकडा रस्त्यावर चालणाऱ्या टायरवरूनच वाचावा. उन्हाळी आणि हिवाळी टायरचे माप वेगळे असू शकते, आणि वापरलेल्या गाडीला आधीच्या मालकाने वेगळी चाके बसवलेली असू शकतात. भाड्याच्या गाडीचे माप ताब्यात येईपर्यंत कळत नाही, म्हणून साखळी त्याच कंपनीकडून आगाऊ मागवून घ्यावी आणि पार्किंगमधून निघण्याआधी पेटीवरचे माप टायरशी ताडून पाहावे. जिनिव्हा विमानतळावर स्विस आणि फ्रेंच असे दोन विभाग आहेत आणि दोन्हीकडे गाड्या भाड्याने मिळतात. फ्रेंच बाजूने गाडी घेताना हिवाळी टायर आणि साखळी दिली आहे का, हे आरक्षणाच्या वेळीच लेखी विचारून घ्यावे.

साखळीचे प्रकार

प्रकारांची निवड इथून सुरू होते. सर्वांत स्वस्त ती शिडीच्या रचनेची साखळी. टायरच्या दोन्ही बाजूंना लांब साखळ्या आणि मधे आडव्या पट्ट्या अशी तिची रचना असते. सरळ चढावर ती चांगली ओढते. पण दोन पट्ट्यांमधला उघडा रबराचा भाग रस्त्यावर आला की त्या क्षणी पकड नसते. गाडी हादरत चालते आणि वळणावर बाजूला घसरू शकते.

चौकटीच्या, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराच्या जाळीत गुंफलेल्या साखळीत हा दोष नाही. चाक कोणत्याही स्थितीत असले तरी कड्यांचा काही भाग रस्त्याला टेकलेला असतो. आडवी पकड चांगली मिळते, हादरे कमी बसतात आणि एबीएसचे काम सुरळीत चालते. युरोपात मोटारींसाठी हाच प्रकार रूढ आहे. वळणांच्या घाटात जायचे असेल तर शिडीची साखळी घेऊन पैसे वाचवू नयेत.

या प्रकारात पेटीवर ७, ९, १२ किंवा १६ मिलिमीटर असा आकडा असतो. साखळी टायरवर किती जाड बसते, ते तो सांगतो. बारा मिलिमीटरची साखळी सर्वसाधारण मोटारीला पुरते. मोकळी जागा कमी असलेल्या गाडीला ९ किंवा ७ मिलिमीटरची लागते. ती महाग असते. जड एसयूव्ही आणि व्हॅनसाठी १६ मिलिमीटरची. मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त जाडी दिलेली असते आणि ती ओलांडायची नसते.

ताण देण्याच्या पद्धतीवरूनही फरक पडतो. हाताने ताणायची साखळी चढवल्यावर गाडी थोडी पुढे नेऊन, उतरून पुन्हा घट्ट करावी लागते. स्वतः ताण घेणाऱ्या साखळीत चाक फिरताना एक यंत्रणा सैलपणा काढून टाकते. अंधारात, गोठलेल्या बोटांनी, दोन मुले मागच्या सीटवर असताना ही सोय किमतीपेक्षा मोलाची वाटते. वर्षातून एकदाच जाणाऱ्या कुटुंबाने अधिक पैसे द्यायचेच असतील तर याच गोष्टीसाठी द्यावेत.

बाहेरून बसणारी साधने तिसऱ्या वर्गातली. त्यांचा कोणताही भाग टायरच्या आतल्या बाजूला जात नाही. चाकाच्या नटांना किंवा रिमला धरून त्यांचे बाहू टायरच्या पुढच्या भागावर येतात. जागा अजिबात नसलेल्या गाड्यांना ती उपयोगी पडतात. ती बरीच महाग असतात आणि काहींना आधी घरी नटांवर जोडणी करून ठेवावी लागते.

कापडी मोजे चौथ्या वर्गात येतात. नॉर्वेतील ऑटोसॉक या कंपनीमुळे ते जगभर माहीत झाले. मजबूत विणीचे हे कापड टायरवर ओढून घालायचे असते. ते हलके असतात, आवाज करत नाहीत, चढवायला काही मिनिटे पुरतात आणि ॲलॉय व्हीलवर ओरखडे पडत नाहीत. पण उघड्या डांबरावर ते लवकर फाटतात आणि खोल बर्फात किंवा गोठलेल्या तीव्र चढावर पोलादी साखळीची बरोबरी करत नाहीत. फ्रान्समध्ये कायद्याने ते चालतात. रस्ता सहसा साफ असतो अशा ठिकाणी जाणाऱ्यांना ते पुरतात. व्हाल तोराँससारख्या उंच गावी, हिमवृष्टीचा अंदाज असताना जायचे असेल तर पोलादच घ्यावे.

कोणताही प्रकार घेतला तरी पेटीवर ईएन १६६६२-१ हे युरोपीय मानक किंवा त्याआधीचे ऑस्ट्रियाचे व्ही ५११७ मानक छापलेले आहे का, हे पाहावे. ऑस्ट्रियातील पेवाग, जर्मनीतील रूड आणि इटलीतील क्योनिग या साखळ्या बनवणाऱ्या जुन्या कंपन्या आहेत. मानकाचा उल्लेख नसलेली प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची स्वस्त साधने चिखलातून गाडी बाहेर काढायला ठीक आहेत, घाटासाठी नाहीत.

घरी सराव

साखळी पहिल्यांदा घराच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये, दिवसाउजेडी चढवून पाहावी. माप बरोबर आहे की नाही, हे कळायला दुसरा खात्रीचा उपाय नाही, आणि चुकली तर बदलून घ्यायला वेळही राहतो. चौकटीच्या साखळीची रीत अशी: साखळी जमिनीवर पसरून कड्यांचा पीळ काढावा. तिची लवचीक कडी चाकाच्या मागून सरकवून वरच्या बाजूला तिची दोन टोके जोडावीत आणि जोडलेली कडी टायरच्या मागे ढकलावी. मग पुढच्या बाजूचा हुक अडकवावा, खालची ताणाची साखळी खाचेतून ओढून घट्ट करावी आणि उरलेले टोक लोंबणार नाही असे अडकवावे. हुकांची गुळगुळीत बाजू टायरकडे असावी. शेवटी आतल्या बाजूला हात घालून कडी सगळीकडे टायरच्या भिंतीवरच बसली आहे, हे चाचपावे. दोन-तीनदा केले की हात बसतो.

साखळीच्या पिशवीत जलरोधक हातमोजे, डोक्याला बांधायचा दिवा, गुडघ्याखाली घ्यायला रबरी चटई आणि चकाकणारे जाकीट ठेवावे. ही पिशवी सामानाच्या तळाशी जाऊ देऊ नये. बर्फात डिकी रिकामी करण्याची वेळ येते ती इथेच झालेल्या दुर्लक्षामुळे.

रस्त्यावर

साखळी गाडी अडकण्याआधी चढवायची असते. घाटाच्या पायथ्याशी त्यासाठी रुंद जागा राखलेल्या असतात, तिथे थांबावे. चढावर, वळणावर किंवा वाहत्या रस्त्याच्या कडेला चाकाजवळ बसणे जिवावर बेतू शकते. सपाट जागी हँडब्रेक ओढून, धोक्याचे दिवे लावून दोन्ही चाकांवर साखळी चढवावी आणि पन्नास-शंभर मीटर जाऊन पुन्हा तपासावी.

साखळीवर ताशी ५० किलोमीटरच्या वर जाऊ नये. उत्पादकाने याहून कमी मर्यादा दिली असेल तर ती पाळावी. ॲक्सिलरेटर, ब्रेक आणि स्टिअरिंग हे तिन्ही हळुवार हाताळावे. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या कित्येक पट अंतर ठेवावे. उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी धरून ठेवावी. साखळी फक्त पुढच्या चाकांवर असेल तर मागची चाके मोकळीच असतात, त्यामुळे उतारावरच्या वळणात जोरात ब्रेक दाबला तर मागचा भाग फिरू शकतो. गाडी जागेवरून हलत नसेल तर ट्रॅक्शन कंट्रोल तेवढ्यापुरते बंद करावे, असे अनेक कंपन्या मॅन्युअलमध्ये सुचवतात. आपटल्याचा आवाज येऊ लागला तर लगेच थांबावे. तुटलेली कडी मडगार्ड आणि ब्रेकची नळी दोन्ही फाडू शकते.

पुढचे चाक पंक्चर झाले तर लहान आकाराच्या स्टेपनीवर साखळी चढत नाही. अशा वेळी मागचे चाक काढून पुढे लावावे आणि स्टेपनी मागे लावावी. मोकळा रस्ता लागला की साखळी काढावी. डांबरावर ती झपाट्याने झिजते आणि पकडही उलट कमी मिळते.

घरी परतल्यावर साखळी कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, हलका तेलाचा हात देऊन ठेवावी. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने पोलाद गंजते. कड्या झिजून निम्म्या झाल्या किंवा हुक वाकला तर साखळी बदलावी.

टाहो, गुलमर्ग, मनाली

आल्प्सबाहेरही साखळी लागतेच. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को परिसरात राहणारी मराठी कुटुंबे हिवाळ्यात टाहो तलावाकडे जातात. तिथे इंटरस्टेट ८० आणि हायवे ५० या रस्त्यांवर साखळीचे तीन टप्पे जाहीर होतात. आर-१ मध्ये हिमटायर असलेल्या मोटारींना सवलत मिळते. आर-२ मध्ये चारही चाकांना हिमटायर असलेल्या फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांनाच सवलत असते. आर-३ मध्ये कोणालाही सवलत नाही, पण सहसा त्याआधीच रस्ता बंद होतो. सवलत मिळालेल्या गाडीतही साखळी सोबत असावी लागते. साखळी चढवून देणारे परवानाधारक रस्त्याच्या कडेला असतात. त्यांना साखळी विकण्याची किंवा भाड्याने देण्याची मुभा नाही, म्हणून ती आधीच घेतलेली हवी. अमेरिकेत तारेच्या दोरांची साधनेही खूप वापरली जातात आणि पेटीवर ‘क्लास एस’ असे लिहिलेले असते. कमी मोकळी जागा असलेल्या गाड्यांसाठीचा हा वर्ग आहे.

महाराष्ट्रातून मोठ्या संख्येने प्रवासी काश्मीर आणि हिमाचलात बर्फ पाहायला जातात. तंगमर्ग ते गुलमर्ग हा सुमारे १३ किलोमीटरचा चढ आणि मनालीहून सोलांगमार्गे अटल बोगद्याकडे जाणारा रस्ता, या दोन्ही ठिकाणी हिमवृष्टीनंतर प्रशासन फोर बाय फोर किंवा साखळी असलेल्या गाड्यांनाच सोडते. भारतात हिवाळी टायर सहजी मिळत नाहीत, त्यामुळे स्वतःच्या गाडीने जाणाऱ्याचा सगळा भार साखळीवरच येतो. बर्फात गाडी चालवण्याची सवय नसेल तर तंगमर्गला साखळी लावलेली स्थानिक टॅक्सी करणे हाच उत्तम निर्णय आहे. स्वतःच न्यायची असेल तर टायरचे माप घेऊन साखळी निघण्याआधी खरेदी करावी. वाटेवर जी मिळेल ती आपल्या टायरला बसेलच असे नाही.

साखळीची निवड घाटात होत नाही, ती घरी होते. मॅन्युअल वाचून, टायरचा आकडा जुळवून, मानक पाहून साखळी घ्यावी आणि प्रवासाआधी निदान एकदा ती स्वतःच्या हाताने चढवून उतरवावी. एवढी तयारी झालेली नसेल आणि हिमवृष्टीचा इशारा असेल, तर त्या दिवशी घाट चढू नये.